बोट सुटायच्या आत गाव

स्पष्टच सांगते. युरोपात रिव्हर क्रूझला जायचं आणि बोट जिथे थांबेल त्या दिवशी धावतपळत "आपलं मूळ गावही करून यायचं", हा प्रकार मला मुळीच पटत नाही. क्रूझ करा, मजेत करा. गावाला जा, जरूर जा. पण क्रूझच्या वेळापत्रकात गाव कोंबू नका. हे मी आमच्या व्याह्यांना फोनवर सांगून झालंय, त्यामुळे इथे लिहायला हरकत नाही. (लेक हे वाचते. जावई वाचत नाही, पण लेक त्याला भाषांतर करून सांगते, आणि जरा तिखट-मीठ लावूनच सांगते असा मला संशय आहे. :) )

नव्याने येणाऱ्यांसाठी थोडी पार्श्वभूमी. आमची लेक ओहायोत असते, क्लीव्हलंडजवळ. जावई अमेरिकन, आडनाव जर्मन. लग्नाच्या वेळी आम्ही सगळ्या नातेवाइकांना "जर्मन वंशाचे आहेत हो" एवढंच सांगत होतो. मग हळूहळू कळत गेलं की विहीणबाईंचं घराणं बव्हेरियातलं, ते ठीक, पण व्याह्यांच्या घराण्याने जर्मनी सोडली ती अडीचशे वर्षांपूर्वी, अमेरिकेत येण्याच्या कितीतरी पिढ्या आधी! ते 'डोनाउश्वाबेन'. डॅन्यूबकाठचे श्वाबियन. पुण्यात हा शब्द कोणाला सांगितला तर समोरचा "अच्छा अच्छा" म्हणतो आणि चहा घेतो.

गोष्ट साधारण अशी. तुर्कांची सत्ता मागे हटली, १७१८ साली पासारोवित्सचा तह झाला, आणि हंगेरीच्या दक्षिणेचा मोठा सपाट मुलूख व्हिएन्नाच्या बादशाहीकडे आला. मुलूख होता, पण युद्धांनी माणसं उरली नव्हती. मग सहावा कार्ल, मारिया थेरेसा आणि दुसरा योसेफ या तिघांच्या कारकिर्दीत जर्मन भाषिक प्रदेशांतून शेतकरी आणि कारागीर आणून वसवले गेले. पुष्कळ जण उल्म गावच्या घाटावरून निघाले. तिथल्या लाकडी बोटींना लोक चेष्टेने 'उल्मची खोकी' म्हणत. ही खोकी प्रवाहाबरोबर खाली जायची, आणि खाली पोचली की मोडून त्यांच्या फळ्या विकायच्या. उलट यायचा प्रश्नच नव्हता. व्याह्यांचे पूर्वज असे उतरले आणि बाच्का प्रदेशात फिलिपोवो नावाच्या गावात राहिले. १७६० च्या दशकात वसवलेलं गाव, आज सर्बियात आहे. (पुढे जर्मन बिशपांच्या परिषदेचे अध्यक्ष झालेले रॉबर्ट झोलिच १९३८ साली इथेच जन्मले.)

दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी हे सगळं संपलं. नाझींच्या फौजांनी त्या भागात जे केलं होतं त्याचा सूड सरसकट सगळ्या जर्मन भाषिकांवर निघाला. २५ नोव्हेंबर १९४४ ला फिलिपोवोतले २१२ पुरुष आणि पोरगे बाहेर नेऊन मारले गेले. १९४५ च्या वसंतात उरलेल्या बायका, म्हातारे, मुलं यांना घराबाहेर काढून छावण्यांमध्ये नेलं. त्यातली एक मोठी छावणी म्हणजे हंगेरीच्या सरहद्दीजवळचं गाकोवो. तिथे भुकेने आणि टायफसने हजारो माणसं गेली. १९४८ च्या सुरुवातीपर्यंत ती छावणी चालू होती.

व्याह्यांची आई तेव्हा आठ वर्षांची. नात तिला 'ओमा' म्हणते, म्हणून आम्हीही ओमाच म्हणतो. ओमांची आजी गाकोवोत गेली. ओमा आणि त्यांची आई रात्री सरहद्द ओलांडून हंगेरीत गेल्या, तिथून ऑस्ट्रिया, तिथे काही वर्षं बराकीत, आणि मग पन्नासच्या दशकात ओहायो. आज त्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आहेत. क्लीव्हलंडजवळ त्यांच्या लोकांचं मंडळ आहे, आपल्या महाराष्ट्र मंडळासारखंच: नाच, जेवणावळी, मुलांचे भाषेचे वर्ग आणि पदाधिकाऱ्यांची भांडणं. पण गावाला त्या परत कधी गेल्या नाहीत.

तर आता बेत. येत्या सप्टेंबरात व्याही आणि विहीणबाई बुडापेस्टहून बोट पकडणार. मोहाच, नोवी साद, बेलग्रेड, मग ती प्रसिद्ध आयर्न गेटची खिंड, आणि शेवट बल्गेरियात रुसेला. बोट नोवी सादला एक दिवस थांबणार, सकाळी आठ ते संध्याकाळी सहा. त्या दहा तासांत गाडी करून फिलिपोवो, मग गाकोवो, आणि सहाच्या आत परत. सहाला नांगर उचलणार, साडेसहाला कॅप्टनबरोबर कॉकटेल, सातला जेवण. वेळापत्रकाचा कागद त्यांनी मला पाठवला. त्यावर पिवळ्या शाईने अधोरेखित केलेलं होतं: "पूर्वजांचे गाव (स्वतःच्या खर्चाने)".

यावर मी जे बोलले ते सगळं इथे पुन्हा लिहीत नाही. पण मुद्दे लिहिते.

पहिला मुद्दा अनुभवाचा. दोन वर्षांपूर्वी आम्ही दोघं यांच्याबरोबर अशाच एका बोटीवर होतो, पासाउ ते बुडापेस्ट. (आमच्या 'ह्यां'ना बोटीवरचं जेवण इतकं आवडलं की ते अजून डाळीत क्रीम घाल म्हणतात.) तेव्हा विहीणबाईंच्या घराण्याचं गाव असंच 'बसवलं' होतं. पासाउच्या उत्तरेला डोंगरातलं चिमुकलं गाव. बोटीच्या कार्यक्रमात त्या दिवशी शहराचा फेरफटका आणि दुपारी कॅथेड्रलमधला ऑर्गन. तो ऑर्गन साधासुधा नाही, सतरा हजारांवर नळ्या आहेत त्याला. विहीणबाई स्वतः चर्चमध्ये ऑर्गन वाजवतात. म्हणजे बघा, आयुष्यभर ज्या वाद्यावर जीव त्याचा एक थोर नमुना एका बाजूला, आणि पणजोबांचं गाव दुसऱ्या बाजूला, आणि दोन्ही एकाच दुपारी! त्यांनी गाव निवडलं. जाऊन-येऊन साडेतीन तास.

त्या साडेतीन तासांतला सव्वा तास स्मशानात गेला. पणजोबांच्या वडिलांचं थडगं शोधत. ते सापडणार नव्हतंच, कारण जर्मनीत थडग्याची जागा कायमची नसते. ती भाड्याने असते म्हणा ना. वीस-पंचवीस-तीस वर्षांची मुदत, वारसांनी वाढवली तर वाढते, नाही तर दगड काढतात आणि जागा दुसऱ्याला देतात. १८८० सालच्या शेतकऱ्याचं थडगं आज तिथे असण्याची शक्यता फार थोडी. हे कळलं टॅक्सीवाल्याकडून, परतीच्या वाटेवर. चर्चचा दरवाजा उघडा होता पण पाद्री नव्हते, एकाच पाद्र्याकडे आता तीन-चार गावं असतात. खानावळीवर पाटी: आज विश्रांतीचा दिवस. गावाच्या नावाच्या पिवळ्या पाटीखाली फोटो काढला.

आणि मग निघता निघता एका घराची खिडकी उघडली. एक आजीबाई. विहीणबाईंनी आडनाव सांगितलं. आजीबाईंनी मान हलवली, नाही, आणि भलतंच एक नाव घेऊन काहीतरी जोरजोरात सांगायला लागल्या. टॅक्सीवाला त्यातलं निम्मं भाषांतर करत होता. त्या म्हणत होत्या थांबा, माझ्या नणंदेला बोलावते, तिला ठाऊक आहे. व्याह्यांनी घड्याळ पाहिलं. आणि आम्ही निघालो. हात हलवत.

घरी गेल्यावर कळलं ते भलतंच नाव काय होतं. बव्हेरियातल्या खेड्यांत शेतवाडीला स्वतःचं नाव असतं, आणि त्या वाडीत राहणाऱ्याला गाव त्याच नावाने ओळखतं, कागदावरचं आडनाव काही का असेना. आजीबाई वाडीचं नाव सांगत होत्या! म्हणजे त्यांना घराणं माहीत होतं. बहुधा घरही माहीत होतं. आपल्याकडे नाही का, कागदावर जोशी आणि गावात 'खालच्या आळीतले'. हे कळायला नणंदबाई येईपर्यंतची पंधरा मिनिटं हवी होती, आणि ती आमच्याकडे नव्हती. ती आजीबाई आता आहेत की नाहीत, देव जाणे.

हे सांगितलं की व्याही म्हणतात, "पण काहीच न पाहण्यापेक्षा साडेतीन तास बरे." हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. मला तो घातक वाटतो. कारण साडेतीन तास घालवले की माणूस "झालं ते गाव" म्हणतो. यादीत खूण होते. विहीणबाई आता पुन्हा त्या गावी जाणार आहेत का? नाही. विचारलं तर म्हणतात, "आम्ही पाहिलं ना ते." काहीच पाहिलं नसतं तर निदान जायचं बाकी राहिलं असतं.

दुसरा त्यांचा मुद्दा जास्त भावनिक आहे. पूर्वज नदीनेच आले, म्हणून आपणही नदीनेच जायचं. ऐकायला छान. पण जरा तपासा. पूर्वज निघाले ते उल्महून. मोठ्या बोटी डॅन्यूबमध्ये वर चढतात त्या केलहाइमपर्यंत, तिथून त्या १९९२ साली पुऱ्या झालेल्या माइन-डॅन्यूब कालव्यात वळतात. उल्म त्याच्या बरंच वर आहे. ज्या घाटावरून पूर्वज निघाले तिथे ही बोट पोचूच शकत नाही! उल्ममध्ये डोनाउश्वाबेनांचं चांगलं संग्रहालय आहे, २००० साली उघडलेलं, पण ते बघायला आगगाडीच लागते. आणि पूर्वज उतरले कुठे? बाच्कात जाणाऱ्यांचं मोठं उतरण्याचं ठिकाण होतं अपाटिन. यांची बोट अपाटिनवरून रात्री जाते. सगळे झोपलेले असताना. तेव्हा पूर्वजांच्या वाटेने वगैरे राहू द्या. नदी तेवढी तीच आहे.

बरं, त्या नदीचाही भरवसा नाही. २०१८ आणि २०२२ च्या उन्हाळ्यात पाणी इतकं आटलं की बोटी जागच्या जागी अडकल्या आणि प्रवाशांना बसमधून हिंडवलं. २०१३ च्या जूनमध्ये पासाउला पाचशे वर्षांत आला नव्हता एवढा पूर आला. २०२४ मध्ये जूनला पूर आला, आणि सप्टेंबरात पुन्हा वादळ-पाऊस होऊन डॅन्यूबवरची वाहतूक थांबली. क्रूझवाल्यांच्या करारात बारीक अक्षरात लिहिलेलंच असतं की पाण्यानुसार मार्ग आणि वेळा बदलू शकतात. त्यांचा काही दोष नाही त्यात, नदी आहे ती. पण मग ज्या भेटीसाठी तुम्ही अख्खं आयुष्य थांबलात ती तुम्ही पाण्याच्या उंचीवर टांगून ठेवणार? नोवी सादचा मुक्काम दहा तासांवरून चार तासांवर आला तर पहिलं काय गळेल? किल्ला गळणार नाही. "स्वतःच्या खर्चाने" जे आहे ते गळेल.

आता आपल्याकडचंही बोलते, नाही तर नाशिकच्या काकू म्हणतील हिला दुसऱ्यांचेच दोष दिसतात. आपण वेगळं काय करतो? डिसेंबरात मुलं परदेशातून येतात. पुण्यात एक लग्न, गोव्यात चार दिवस, आणि वाटेत "कुलदैवत करून टाकू". गुहागरला अकराला अभिषेक, एकला केळीच्या पानावर जेवण, तीनला गाडी. पाच मैलांवर मूळ गाव असतं, तिकडे जायचा रस्ता खराब म्हणून ते पुढच्या वेळी. धाकट्या दिरांनी तर गेल्या वर्षी देवळाच्या आवारातून गावाच्या दिशेने हात करून मुलांना दाखवलं, "ते तिकडे, त्या डोंगरामागे." मुलांनी डोंगराचा फोटो काढला. आपल्याला निदान आडनावातच गावाचं नाव असतं, 'कर' लावलं की झालं. त्र्यंबकेश्वरच्या, नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्यांत सात पिढ्या सापडतात. म्हणून आपला गैरसमज होतो की गाव कुठे जात नाही.

गाव जातं. माझ्या मावशीच्या सासरचं गाव कोयनेच्या पाण्याखाली आहे. धरण झालं, माणसं उठवली, कोणी ठाण्याकडे, कोणी कुलाब्याकडे. जिथे गेले तिथे त्यांनी जुन्या गावाचंच नाव लावलं. मावशीचे यजमान शेवटपर्यंत शिवसागराच्या पाण्याकडे बोट दाखवून "इथे मारुती, इथे आमचा गोठा" असं सांगायचे. व्याह्यांच्या बोटीच्या कागदावर आयर्न गेटच्या दिवशी लिहिलंय: "सकाळी डेकवर कॉफी, निसर्गसौंदर्य". १९७२ मध्ये पुऱ्या झालेल्या तिथल्या धरणाच्या पाण्याखाली जुनं ओर्शोवा शहर आहे आणि आदा काले नावाचं अख्खं बेट आहे, तुर्की वस्तीचं. कॉफी पिताना खालून कोणाचा मारुती आणि कोणाचा गोठा जातोय, सांगतील का? सांगत असतील कदाचित, लाउडस्पीकरवर, दोन वाक्यांत.

फिलिपोवोचं तर आणखी वेगळं आहे, आणि हाच माझा मुख्य मुद्दा आहे. ते गाव बुडलेलं नाही. घरं आहेत, रस्ते आहेत. पण नकाशावर फिलिपोवो शोधलंत तर सापडायचं नाही. आता नाव बाच्की ग्राचात्स. का? तर युद्धानंतर रिकाम्या घरांत जी माणसं आणून बसवली ती क्रोएशियातल्या लिका नावाच्या डोंगराळ, गरीब भागातली सर्ब कुटुंबं. तिथे त्यांचं मूळ गाव ग्राचात्स. युद्धात त्या भागातल्या सर्बांची गावंच्या गावं जाळली गेली होती. ती माणसं आपल्या गावाचं नाव गाठोड्यात बांधून घेऊन आली आणि इथल्या मातीला लावलं. कोयनावाल्यांनी केलं तेच.

म्हणजे व्याही ज्या घराच्या दारात उभे राहणार, तिथे आज जी बाई दार उघडेल तिच्या सासूला ते घर कोणीतरी दिलेलं होतं, आणि त्या सासूचंही एक घर कुठेतरी जळलेलं होतं. आता विचार करा. नोवी सादहून गाडी येते, एक उंच अमेरिकन उतरतो, गळ्यात कॅमेरा, बरोबर दुभाष्या, आणि घराचे फोटो काढायला लागतो. सर्बियाने २०११ साली जप्त मालमत्ता परत देण्याचा कायदा केलेला आहे. त्या बाईच्या मनात पहिलं काय येईल? "हा घर मागायला आलाय." तिची भीती घालवायला काय लागतं? वेळ लागतो. अंगणात बसावं लागतं. कॉफी घ्यावी लागते, मग ती घरची दारू आणणार, ती नको म्हणून चालत नाही, मग शेजारी येणार, मग तिच्या सासूचा फोटो आतून येणार. तेव्हा कुठे व्याह्यांनी आपल्या आजीचा फोटो बाहेर काढायचा. हे चाळीस मिनिटांत होत नाही. कोकणात आपण विकलेल्या घरी गेलो तर होतं का? नवा मालक आधी संशयाने बघतो, मग गूळपाणी देतो, मग म्हणतो "विहीर बघायची का तुमची?" 'तुमची' हा शब्द यायला दुपार जावी लागते.

आणि ओमांची यादी. हे मला लेकीने सांगितलं. बेत ठरल्यावर ओमांनी एक वहीचा कागद दिला मुलाला. त्यावर त्यांच्या गल्लीतली घरं क्रमाने. डावीकडे नऊ, उजवीकडे आठ. कोणाच्या दारात तुतीचं झाड, कोणाची विहीर सामायिक, सुताराचं घर कुठलं, कोणत्या घरातून २५ नोव्हेंबरला कोण गेलं. आठ वर्षांच्या मुलीच्या आठवणीत त्यांच्या आईने पुढे भर घातलेली. शेवटी खाली आपल्या आजीचं नाव आणि "गाकोवो, जानेवारी १९४६". फोटो आणा म्हणाल्या नाहीत. "या क्रमाने चालत जा," एवढंच म्हणाल्या. आणि विचारलं, बोट किती वेळ थांबते?

सतरा घरं. ती गावं हॅब्सबर्गांच्या अभियंत्यांनी आखलेली, सरळ रस्ते, काटकोनात गल्ल्या, त्यामुळे चालायला सोपं आहे. पण सतरा दारांपुढे थांबायचं म्हटलं, प्रत्येक नाव मोठ्याने वाचायचं म्हटलं, तरी एक सकाळ गेली. मग गाकोवो, तिथून पन्नासेक किलोमीटर उत्तरेला. तिथे थडगं नाही, सामुदायिक खड्ड्यांची जागा आहे आणि क्रूस आहे. तिथे किती वेळ उभं राहायचं ते मी कोण सांगणार? पण एवढं नक्की सांगते की "साडेतीनला निघायला हवं, नाही तर नोवी सादला ट्रॅफिक लागेल" असं मनात म्हणत उभं राहण्याची ती जागा नव्हे.

मोठ्या नणंदबाईंचं म्हणणं, "अगं, त्यांचं वय बघ, गुडघे बघ. बोटीवर एकदा बॅग उघडली की आठ दिवस बघायला नको." मान्य. एकशे पस्तीस मीटर लांब हॉटेलच ते, रोज सकाळी खिडकीबाहेर नवं गाव. मला स्वतःला ते लॉकमधून वर चढणं इतकं आवडलं होतं की रात्री एक वाजता मी डेकवर एकटी उभी होते. बोटीला माझा विरोधच नाही. पण गुडघ्यांचं म्हणाल तर बाच्का ताटासारखी सपाट आहे. डोंगर नाही, पायऱ्या नाहीत. गाडी ड्रायव्हरसकट मिळते. एका बंदरात अनेक बोटी एकमेकींना खेटून उभ्या राहतात आणि किनाऱ्यावर यायला तीन बोटींच्या लॉबीतून चालावं लागतं, तेव्हा गुडघे कुठे जातात?

तर मी व्याह्यांना जे सुचवलं ते हे. बोट रद्द करू नका, पण आधी गाव, मग बोट. बुडापेस्टला बोट सुटायच्या पाच दिवस आधी उतरा. गाडी करून सोंबोरला जा, दोन-सव्वादोनशे किलोमीटर. छान जुनं गाव आहे, राहायची सोय आहे. तिथे चार रात्री राहा. एक दिवस नुसता बाच्की ग्राचात्समध्ये, कोणाच्याही घरात न शिरता. दुसऱ्या दिवशी पुन्हा तिथेच, तोवर गावात बातमी पसरलेली असेल की एक अमेरिकन यादी घेऊन फिरतोय, आणि कोणीतरी स्वतःहून हाक मारेल. तिसऱ्या दिवशी गाकोवो, आणि दुसरं काही नाही. चौथा दिवस मोकळा ठेवा. अपाटिनच्या घाटावर बसा हवं तर. मग बुडापेस्टला परत या, बोटीत चढा, कॅप्टनबरोबर कॉकटेल घ्या. आमच्यासारख्या भारतीय पासपोर्टवाल्यांनी कोणी असा बेत केला तर शेंगेन व्हिसा पुन्हा प्रवेश करता येईल असा घ्या, कारण सर्बिया शेंगेनमध्ये नाही, हंगेरीत परत शिरायचं असतं.

आणि घरचा अभ्यास निघायच्या आधी. विहीणबाईंच्या बाजूचं तर पासाउ धर्मप्रांताची बाप्तिस्मा-लग्न-मृत्यूची जुनी बुकं 'मात्रिकुला' या साइटवर पानापानाने बघायला मिळतात, फुकट. चर्चमध्ये जाऊन कपाट उघडा म्हणायची गरजच नाही. अडचण एकच, ती जुनी जर्मन लिपी आजच्या जर्मनांनाही वाचता येत नाही. आपल्या मोडीसारखंच. आजोबांच्या खतावण्या घरात आहेत आणि वाचणारा एकही नाही. जावई आता ती लिपी शिकतोय, आठवड्यातून एकदा मंडळाच्या वर्गात, आणि लेक म्हणते की तोच आता बाबांशी वाद घालतोय.

व्याह्यांचं शेवटचं उत्तर असं होतं की पाच दिवस वाढवले तर खर्च वाढतो. हो, वाढतो. पण बाल्कनीवाली केबिन सोडून साधी खिडकीची घेतली तर सोंबोरच्या चार रात्री, गाडी, ड्रायव्हर, दुभाष्या सगळं त्यात भागून वर उरतं, हे मी कागदावर मांडून त्यांना पाठवलंय. (पेन्शनर बाईला हिशेब शिकवू नये.) त्यावर अजून उत्तर नाही. विहीणबाईंचं आलं, दोनच ओळी: त्यांना पासाउच्या त्या आजीबाईंच्या नणंदेचं नाव आठवतंय का म्हणून टॅक्सीवाल्याला ईमेल केली आहे.

बोटीचे उरलेले पैसे पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत भरायचे आहेत. तोवर इथे येणाऱ्यांपैकी कोणी सोंबोर किंवा अपाटिनकडे राहून आलं असेल, किंवा सर्बियन आणि इंग्रजी दोन्ही धड बोलणारा, घाई न करणारा ड्रायव्हर कोणाच्या माहितीत असेल, तर जरूर लिहा. व्याही लेकीकडून वाचून घेतात.